पंच मी होतो

कारखान्यात कुस्तीवर माझ्याइतकं कोणी बोलत नसे. मी स्वतः मात्र जन्मात कधी लंगोट बांधला नाही. अंगानं किडकिडीत, दोन जिने चढलो की धाप लागायची. बायको म्हणायची, "पाण्याची कळशी ओट्यावर ठेवायची तर कंबर धरून बसता, आणि गप्पा काय, तर कुणी कुणाला कसं उचलून आपटायला हवं होतं!" तिचं म्हणणं खरं होतं. पण मत मांडायला अंगात ताकद कशाला लागते? ती लागते घशात, आणि घसा माझा खणखणीत होता.

अंबरनाथच्या एका कारखान्यात मी टाइम ऑफिसात कारकून होतो. पन्नास साल नुकतंच मागं पडलं होतं. भोंगा झाला की फाटकाच्या खिडकीत बसायचं, माणसं आत घ्यायची, मस्टरवर हजेरी मांडायची, उशिरा येणाऱ्यापुढं लाल शाईची फुली मारायची. त्या काळात कारखान्यांना खेळाचं नवंच वेड लागलं होतं. शहाडकडच्या एका कारखान्यानं हुतूतूवाले घेतले, म्हणून आमच्या साहेबांनी पैलवान घेतले. कागदावर हे पैलवान कुणी फिटर, कुणी ऑइलमन. सकाळी आठला येऊन सही करायचे आणि नऊला तालमीत जायचे. मशीनवर माणूस नाही, तरी मी त्याच्या नावापुढं 'हजर' लिहायचं! माझं डोकंच फिरायचं.

"पगार घेणारा पैलवान हा पैलवान नव्हे, तो नोकर," असं मी कॅन्टीनमध्ये टेबलावर हात आपटून सांगायचो. आणि पुढच्याच रविवारी आपल्या कारखान्याचा पैलवान हरला की मीच ओरडायचो, "पगार कशाचा घेतो रे हा?" मुंबईत तिकीट लावून परदेशी पैलवानांच्या कुस्त्या व्हायच्या. त्या सगळ्या ठरवून केलेल्या असतात, हे माझं दुसरं ठाम मत. पण तिथं जाऊन, तिकीट काढून, घसा बसेपर्यंत ओरडून मी घरी यायचो. एकदा बायकोनं विचारलं, "खोट्या आहेत तर ओरडलात कशाला?" मी तिच्यावरच चिडलो.

तर असा मी. आणि अशा माणसाच्या हाती एका माणसाचं दार आलं. दार म्हणजे खरोखरचं दार, फळ्यांचं, कडीकोयंड्याचं. तेच सांगायचं आहे.

कापड घ्यायला मी महिन्या-दोन महिन्यांनी सायकलवर टांग मारून कॅम्पात जायचो. उल्हासनगर हे नाव सरकारी पाटीवर आलं होतं, पण आम्ही सगळे कॅम्पच म्हणायचो. लढाईच्या वेळच्या लष्करी बराकींत सिंधी निर्वासित राहत होते आणि बराकींच्या पुढं कापडापासून बिस्किटांपर्यंत सगळ्याचा बाजार भरायचा. तिथल्या एका कापडवाल्याकडं एक माणूस गाठोडी उचलायला होता. पस्तिशीचा असेल. दोन काखांत दोन गाठोडी घेऊन तो असा चालायचा, की जणू दोन उश्या घेऊन अंथरूण घालायला निघालाय. मी ग्राहक असूनही कापड सोडून त्याच्याकडंच बघत राहिलो.

"पैलवान हो क्या?" मी माझ्या हिंदीत विचारलं.

"मल्ह," तो म्हणाला. सिंधमध्ये कुस्तीगिराला म्हणे तेच म्हणतात. तो तिकडं नावाजलेला होता. त्यांच्या कुस्तीला मलाखडा म्हणतात. दोघांच्याही कमरेला पीळ दिलेलं फडकं बांधलेलं असतं, आणि त्याच फडक्याला धरून झुंजायचं. दर रविवारी संध्याकाळी बराकींमागच्या मोकळ्या जागेत ते चालायचं. "आओ ना साईं, देखो," तो दर वेळी म्हणायचा. "येतो, येतो," मी दर वेळी म्हणायचो. गेलो एकदाही नाही. परतायला अंधार झाला असता आणि सायकलला दिवा नव्हता, दुसरं काय! पण मत बनवायला बघावं कशाला लागतं? मी कॅन्टीनमध्ये सांगून मोकळा झालो होतो, की सिंध्यांची कुस्ती म्हणजे आपलीच कुस्ती, फक्त वर एक फडकं. शंका एकच होती, की त्याचे कान अगदी धड होते. आमच्या पैलवानांचे कान मातीत घासून घासून मोडलेले असतात. कान न मोडलेला पैलवान मी तोवर पाहिला नव्हता.

एकदा त्यानं विचारलं, "साईं, तुम्हारा कारखाना खोली देता है?"

"पक्क्या माणसाला देतो. चाळीत. मी तिथंच राहतो."

"दरवाजा है?"

मला हसूच आलं. "खोलीला दरवाजा नाही तर काय असणार?"

तो हात धरून मला आपल्या बराकीत घेऊन गेला. एका लांबलचक बराकीत सात-आठ कुटुंबं होती आणि मध्ये दोरीवर गोणपाटं टांगलेली. एका गोणपाटामागं त्याची बायको होती. तिनं डोक्यावरची ओढणी सारखी केली आणि मला पाणी दिलं. बाई कपडे बदलायची तेव्हा हा बाहेरच्या बाजूनं चादर ताणून उभा राहायचा. पलीकडच्या कुटुंबातलं भांडण, खोकला, म्हाताऱ्याचं कण्हणं, सगळं इकडं. "चार साल हो गए, साईं," तो हळू आवाजात म्हणाला, "मैंने कुंडी नहीं लगाई." कुंडी म्हणजे दाराची कडी. मी घरी आलो. आमच्या खोलीचं दार नेहमीसारखं सताड उघडं होतं. ते दिवसभर तसंच असायचं. त्या दिवशी मी ते उगाच दोन-तीनदा लावून उघडून पाहिलं. बायको म्हणाली, "काय, बिजागरी वाजतेय का?"

दुसऱ्या दिवशी मी थेट साहेबांकडं गेलो. आमचे साहेब खेळाचे भारी शौकीन. "साहेब, कॅम्पात एक माणूस आहे. सोनं आहे सोनं," मी म्हणालो. पगारी पैलवानांविरुद्धचं माझं मत मी त्या दिवशी घरीच ठेवून आलो होतो. साहेब म्हणाले, "जागा एकच आहे हो. आणि फोरमननं बदलापूरकडचा एक मुलगा आणलाय." मग थोडा विचार करून म्हणाले, "लावा की दोघांची. जिंकेल तो आपला. नोकरी आणि खोली त्याची."

फोरमनचा तो माणूस म्हणजे बारवीच्या बाजूच्या एका पाड्यावरचा, बावीस-तेवीस वर्षांचा गडी. पावसाळ्यात भातशेती, एरवी जंगलातून लाकूड ओढायचं काम, आणि संध्याकाळी बदलापूरच्या तालमीत माती. कान मोडलेले, मान खांद्यात गेलेली, आणि बोलायला इतका लाजरा की नाव विचारलं तरी जमिनीकडं बघायचा. "नोकरीचं येवढं काय नाय दादा," तो मला म्हणाला. "मामा बोलला जा, म्हणून आलू. घर हाय, भात हाय." मला तो फार आवडला. तो सिंधीही आवडत होता. एकाच कुस्तीत दोन्ही पैलवान आवडायला लागले की बघणाऱ्याची काय गत होते, ते ज्याचं त्यालाच ठाऊक!

"आणि पंच कोण?" साहेबांनी कॅन्टीनमध्ये येऊन विचारलं.

सगळं कॅन्टीन माझ्याकडं बघायला लागलं. कुणीतरी मागून म्हणालं, "आता बोला की!" मी बोललो. हो म्हणालो. खरं सांगतो, छाती फुगली होती माझी.

कुस्ती महाशिवरात्रीच्या जत्रेनंतरच्या रविवारी ठरली. जत्रेसाठी देवळाच्या बाजूला आखाडा खणलेला होताच. त्याआधी कॅन्टीनमध्ये नियमांची बैठक झाली. कॅम्पातले दोन वयस्क सिंधी आले, बदलापूरच्या तालमीचे वस्ताद आले. मी फुलस्केप कागद आणि टाक घेऊन बसलो. काय काय म्हणून ठरलं नाही त्या दिवशी! दोघांनीही कमरेला फडकं बांधायचं. नखं कापायची. अंगाला तेल लावायचं नाही. डोळ्यात बोट घालायचं नाही, गळा आवळायचा नाही. आमची हलगी वाजेल तेव्हा त्यांनी ढोल थांबवायचा. त्यांचा ढोल वाजेल तेव्हा आमची हलगी थांबेल. पहिली सलामी कुणी द्यायची, यावर पाऊण तास गेला. मी सगळं सुवाच्य अक्षरात लिहून काढलं. अठरा कलमं झाली. साहेबांनी माझी पाठ थोपटली.

हरणं म्हणजे काय, एवढंच कुणी विचारलं नाही. विचारणार कोण? सूर्य कुठं उगवतो असं कुणी बैठकीत विचारतं का? ते वयस्क सिंधी, तो वस्ताद आणि अठरा कलमं लिहिणारा मी, आम्हा सगळ्यांना हरणं म्हणजे काय ते पक्कं माहीत होतं. प्रत्येकाला वेगळं माहीत होतं, इतकंच.

रविवारी ही गर्दी! एका अंगाला कॅम्प, एका अंगाला बदलापूर, आणि मध्ये आमचा कारखाना. बायकाही देवदर्शनाच्या निमित्तानं आल्या होत्या आणि देवळाच्या कडेच्या उंचवट्यावरून बघत होत्या. माझी बायकोही त्यांच्यात होती. मी कारखान्याच्या पहारेकऱ्याची शिट्टी गळ्यात अडकवून मातीत उतरलो. धोतर वर खोचलं आणि मधोमध जाऊन उभा राहिलो.

सलामी झाली. दोघांनी एकमेकांच्या कमरेची फडकी धरली. थोडा वेळ नुसती रेटारेटी. मग त्या सिंध्यानं एक पाय आत घातला, फडक्याला असा काही हिसका दिला, की तो बदलापूरचा गडी जमिनीवरून उचलला गेला आणि धाडकन मातीत. पण वा रे गडी! पडता पडता त्यानं अंग फिरवलं आणि पोटावर पडला. आमच्याकडं तालमीत पहिला धडा हाच. पडलास तर पोटावर पड, पाठ मातीला लागू देऊ नकोस. "भले!" मी पंच असूनही ओरडलो. त्याच क्षणी दोन्ही बाजूंनी टाळ्यांचा कडकडाट झाला. कॅम्पवाले नाचत होते, बदलापूरवाले नाचत होते, हलगी आणि ढोल एकदम सुरू झाले. मला वाटलं, काय खिलाडू लोक आहेत! एकमेकांच्या पैलवानाला टाळ्या देतायत!

तो सिंधी हात वर करून आपल्या लोकांकडं वळला. मातीला हात लावून त्यानं कपाळाला लावला. मला कळेना, हा करतोय काय. कुस्ती चालू असताना पाठ फिरवतो म्हणजे काय? माज आला काय याला? मग तो परत आला. तो गडी अजून पोटावर, कोपरं आवळून, पुढच्या डावाची वाट बघत पडलेला. सिंधी त्याच्यापुढं वाकला आणि त्यानं उजवा हात पुढं केला.

त्या गड्यानं मान वर केली. पुढ्यात हात दिसला. त्यानं तो धरला, खाली खेचला, अंग फिरवलं, आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच सिंधी मातीत उताणा. दोन्ही खांदे टेकलेले. अगदी चितपट. मी वाकून पाहिलं, खात्री केली आणि जीव खाऊन शिट्टी फुंकली. बदलापूरच्या गड्याचा हात धरून वर केला.

कॅम्पवाले हसत होते. हरलेल्याची समजूत काढायला मी त्याचा हात वर केलाय, असं त्यांना वाटलं असणार. मग हळूहळू हसणं थांबलं. एक म्हातारा ओरडायला लागला, दोघे-चौघे मातीत उतरले. त्या सिंध्यानंच हात करून त्यांना मागं सारलं. त्याच्या पाठीला माती लागलेली होती. तो माझ्याकडं आला. रागावला असता तर बरं झालं असतं. तो खरंच विचारत होता.

"साईं, क्या हुआ?"

"पाठ लग गया," मी म्हणालो. "दोनों खांदा."

"पर वो तो गिर गया था. मैं उठा रहा था."

माझ्या डोक्यात एकदम काहूर माजलं. गिर गया था? पडला होता, बरोबर. पण पडला म्हणून काय झालं? पडला म्हणजे हरला? छे! आणि उठा रहा था म्हणजे? कुस्तीत कुणी कुणाला उठवतं का? मी खिशातून तो फुलस्केप कागद काढला. अठरा कलमं वाचली. नखं होती, तेल होतं, ढोल होता. पडल्याचं कुठं काही नव्हतं, पाठीचंही नव्हतं. "नियम है," मी कागद घडी करत म्हणालो. तो म्हणाला, "आप पंच हैं," आणि अंगरखा खांद्यावर टाकून निघून गेला.

घरी आलो तर बायको भाकरी थापत होती. मी पाटावर बसून कुस्ती समजावून सांगायला लागलो, कसा त्यानं अंग फिरवलं, कसा हात धरला. तिनं मध्येच तोडलं. "त्या माणसानं उठवायला हात दिला होता हो. आम्हा सगळ्या बायांना दिसलं."

"तुम्हाला काय कळतं कुस्तीतलं?"

"कुस्तीतलं नाहीच कळत," ती म्हणाली. "हात दिलेला कळतो."

मी ताटावर तसाच बसून राहिलो. एकीकडं वाटायचं, आपण बरोबरच केलं. कुस्ती अंबरनाथच्या मातीत झाली, इथं पाठ लागली की हार, शंभर पैलवानांना विचारा. दुसरीकडं वाटायचं, मातीला काय माहीत ती कुठली? आधी कोण जिंकला, हे विचारलं तर सिंधी. शेवटी कोण जिंकला, हे विचारलं तर बदलापूरचा. आणि जिंकून झाल्यावर माणूस हरतो का? हरून झाल्यावर जिंकतो का? माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच मला कुस्तीवर मत नव्हतं, आणि नेमकं त्या दिवशीच ते सगळ्यांना हवं होतं.

सकाळी साहेबांनी बोलावलं. "झाला ना निकाल? काही भानगड नाही ना? कॅम्पवाले जरा ओरडत होते म्हणे."

तेव्हा बोलायला हवं होतं. एवढंच म्हणायचं होतं, की साहेब, चूक माझी झाली, आपण हरण्याचा नियम ठरवलाच नाही, दोघांना पुन्हा बोलवू. साहेब भला माणूस होता, त्यानं ऐकलं असतं. पण मग सगळ्या कॅन्टीनला कळलं असतं, की वर्षानुवर्षं टेबलं आपटणाऱ्या या गृहस्थानं मलाखडा कधी डोळ्यांनीही पाहिलेला नाही. लाज वाटली मला. आणि त्या लाजेपायी मी म्हणालो, "नाही साहेब. चितपट. दोन्ही खांदे."

बदलापूरचा गडी कामावर लागला. त्याला गोदामात टाकलं, चाळीतली शेवटची खोली दिली. मी रोज त्याच्या नावापुढं 'हजर' लिहायचो. खोलीत तो राहायचाच नाही. काम सुटलं की गाडीनं बदलापूर आणि तिथून पायी पाड्यावर. आईला एकटं कसं सोडू, म्हणायचा. चाळीत येता-जाता मला त्या दारावरचं कुलूप दिसायचं. मी मान वळवायचो.

सहा-सात महिन्यांनी एका सोमवारी तो भोंग्याच्या आधीच माझ्या खिडकीपाशी येऊन उभा राहिला. चेहरा उतरलेला. आदल्या दिवशी सदऱ्याचं कापड घ्यायला तो कॅम्पात गेला होता आणि गर्दी दिसली म्हणून बराकींमागं डोकावला होता.

"दादा, तिकडं त्यांची कुस्ती बघली," तो म्हणाला. "जो पडतो ना, त्याचं तिथंच संपतं. मग पाडनारा त्याला हात देतो. उठवाया. परत्येक बारीला."

मी टाक खाली ठेवला.

"म्हंजे त्या दिवशी त्यानं मला उठवाया हात दिला व्हता," तो म्हणाला आणि त्याचे डोळे भरून आले. "आन मी त्याच हाताला धरून त्याला आपटला! मला वाटलं, चुकला गडी, हात सापडला. तुमी सांगा दादा, मी काय केलं?"

मी काय सांगणार, कप्पाळ! मी म्हणालो, "तुझी काही चूक नाही." तो म्हणाला, "मग कुनाची हाय?" खिडकीबाहेर माणसांची रांग लागली होती. मी मस्टर पुढं ओढलं. पण तो हलेना. त्यानं कमरेची चावी काढून माझ्या पुढ्यात ठेवली. "त्याला सांगा, पुन्यांदा लढू. त्यांच्या नियमानं. आन तोवर खोली त्याला द्या. मी कुठं ऱ्हातो तिथं?"

रविवारी चावी खिशात घालून मी सायकल काढली. बराकींमागच्या मोकळ्या जागेत पहिल्यांदाच पाय ठेवला. मलाखडा नुकताच संपला होता. तो सिंधी मातीतच बसून कमरेचं फडकं सोडत होता. मला बघून हसला. "आखिर आ गए, साईं!" जसं काही मी नुसता उशिरा आलोय. मी बसलो आणि जमेल तसं सगळं सांगितलं. बदलापूरच्या गड्याचा निरोप सांगितला. पुन्हा लढ म्हणालो.

त्यानं फडक्याची घडी घातली. "वो अच्छा लडका है," तो म्हणाला. "पर मैं जीत चुका हूँ. जीती हुई कुश्ती दोबारा क्यों लडूँ?"

मी चावी काढली. त्यानं ती हातात घेतली, तळव्यावर उलटीसुलटी करून पाहिली. "मेरे नाम पे?" त्यानं विचारलं.

मी खोटं बोलू शकलो नाही. "नहीं. उसके नाम पे. नियम ऐसा है, पक्का आदमीच... लेकिन कोई नहीं पूछेगा."

"पूछेगा, साईं," तो म्हणाला. "किसी दिन कोई आके खटखटाएगा. फिर घरवाली को क्या बोलूँ?" आणि त्यानं चावी माझ्या हातात परत ठेवली.

मला वाईट वाटलं, रागही आला. कुणाचा राग ते कळेना. उठायला गेलो, तर तिथले दोघे-तिघे जण थट्टेवर आले. पंच साहेबांना एकदा मलाखडा दाखवाच, म्हणाले. नको नको म्हणेपर्यंत माझ्या धोतरावरून कमरेला फडकं बांधलंसुद्धा. तो सिंधी हसत पुढं झाला, अगदी हलक्या हातानं मला उचललं आणि मातीत ठेवलं. बायको खाटेवर गादी टाकते तसं. तरी मी आपटलो. चष्मा नाकावरून घसरला, खिशातली चावी मातीत पडली. सगळे खदाखदा हसले.

मी मातीत बसून चष्मा पुसला आणि वर पाहिलं. तो वाकलेला होता. उजवा हात पुढं.

तोच हात. त्या हातानं त्याची नोकरी गेली होती, खोली गेली होती. माझ्यासारख्यानं जरी तो खेचला असता तरी तो तोंडावर आला असता, इतका निर्धास्त वाकला होता. मी त्या हाताकडं बघतच राहिलो. "उठो ना, साईं," तो म्हणाला. मी हात धरला. त्यानं मला उभं केलं, वाकून चावी उचलून दिली आणि माझ्या पाठीवरची माती झटकायला लागला.

मला राहवलं नाही. इतक्या महिन्यांचं पोटात साठलेलं बाहेर पडलं. "सच बोलो," मी म्हणालो, "उस दिन कौन जीता?"

त्याचा माती झटकणारा हात थांबला. "मुझसे पूछते हो? मैं तो बता चुका," तो म्हणाला. "पंच तो आप थे, साईं. मैं तो आपसे पूछने वाला था."

मी सायकल हातात धरून चालतच परत आलो. चाळीत शिरताना ती शेवटची खोली लागते. मी दारापुढं थांबलो आणि उगाच कुलूप ओढून पाहिलं. नीट लागलेलं होतं.